केबिनमधले न्यायालय

मराठीत ‘चौकशी’ हा तसा मायेचा शब्द आहे. आपण आजारी माणसाची चौकशी करतो, सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांची चौकशी करतो, गावाहून कुणी आले की घरच्यांची चौकशी करतो. कारखान्याच्या फाटकातून आत गेला की हाच शब्द वेगळा वागू लागतो. तिथे चौकशी ‘केली’ जात नाही, ती ‘लागते’. साडेसाती लागावी तशी. “त्याला चौकशी लागली” एवढे एक वाक्य कँटीनमध्ये उच्चारले गेले, की ऐकणाऱ्यांना पुढचे सारे कळते. आरोपपत्र आले असणार, निलंबन झाले असणार, आणि आता महिने दोन महिने, कधी वर्षभर, तो माणूस ठरल्या तारखांना फाटकावर येऊन बसणार.

या लेखाचा विषय ही चौकशी आणि तिच्याभोवती काम करणारा कामगार कायद्याचा वकील हा आहे. फौजदारी वकील सिनेमा-नाटकांनी घरोघरी पोचवला. दिवाणी वकील जमिनीच्या भांडणांमुळे प्रत्येक गावाला ठाऊक असतो. कामगार न्यायालयातला वकील मात्र त्याच्या अशिलांखेरीज फारसा कुणाला माहीत नसतो, आणि त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग तर न्यायालयाबाहेरच पार पडतो. मी कायद्याची पदवीधर नाही. नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवड पट्ट्यात टंकलेखनाची कामे घेत असे. त्यांत अशा चौकश्यांचे रोजनामे टंकित करण्याचे काम बरेच असे. चौकशी अधिकारी सांगत आणि मी टंकित करत असे. कुतूहल तिथे जागे झाले. पुढची वीस-पंचवीस वर्षे कामगार कायद्याचे निर्णयसंग्रह मिळतील तिथे बसून वाचले. त्या वाचनाचे आणि त्या रोजनाम्यांचे जे सार हाती लागले, ते इथे मांडते आहे.

जॉबरच्या शब्दापासून आरोपपत्रापर्यंत

कामावरून काढण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती करणारा आणि घरी पाठवणारा एकच असे, तो म्हणजे जॉबर. त्याची मर्जी हाच नियम. नियम कागदावर आणण्याचा आग्रह धरला तो आधी मालकांनी, आणि तोही कामगारांवर वचक बसावा म्हणून. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात गिरणी मालकांनी ‘स्थायी आदेशां’चा मसुदा पुढे केला. संप मिटल्यावर नेमलेल्या फॉसेट समितीसमोर कामगारांच्या मागण्यांबरोबर हे आदेशही चर्चेला आले.

मग १९३८ चा मुंबई औद्योगिक विवाद कायदा आला. संपाच्या हक्कावर बंधने आणणारा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि इतर कामगार पुढाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संपही झाला. इतिहासाची गंमत अशी, की याच कायद्याने स्थायी आदेशांना प्रथम वैधानिक रूप दिले. शिस्तीचे नियम एकदा लिहिले गेले की ते दोन्हीकडे कापतात. गैरवर्तन कशाला म्हणायचे हे मालकाने लिहून दिले, म्हणजे यादीत नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा देण्याची वाट त्याने स्वतःच बंद केली. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला, आणि पुढे १९८३ मध्ये ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितले: गैरवर्तनाच्या यादीत जे बसत नाही, त्यासाठी मालकाला मागाहून अर्थ ताणून शिक्षा देता येत नाही.

म्हणून आरोपपत्र घेऊन आलेल्या कामगाराला जाणता वकील “तू हे केलेस का?” हे पहिल्यांदा विचारत नाही. तो विचारतो, “कलम कुठले लावले आहे?” नवख्या अशिलाला हा प्रश्न कोरडा वाटतो. पण त्या कलमाखाली येणाऱ्या गोष्टींपलीकडचे काही चौकशीत सिद्ध झाले, तरी त्यावर शिक्षा उभी राहू शकत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

तीन खुर्च्या

चौकशीची मांडणी साधी असते. बहुधा मनुष्यबळ विभागाची एखादी केबिन. मध्ये चौकशी अधिकारी, एका बाजूला व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, समोर कामगार आणि त्याचा बचाव प्रतिनिधी. आरोप वाचून दाखवायचे, व्यवस्थापनाने साक्षीदार आणायचे, कामगाराने उलटतपासणी घ्यायची, मग त्याने आपले साक्षीदार द्यायचे, शेवटी अधिकाऱ्याने निष्कर्ष लिहायचा. दिसायला हुबेहूब न्यायालय. फरक इतकाच, की तक्रारदार, आरोप ठेवणारा आणि शिक्षा देणारा हे तिघे शेवटी एकाच मालकाचे असतात.

कायद्याने ही विसंगती मान्य केलेली आहे. मालकाला आपल्या आस्थापनेत शिस्त राखण्याचा अधिकार आहे, म्हणून चौकशीही तोच करणार. त्यावर अंकुश आहे तो नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा: आरोप नेमका सांगा, कागद दाखवा, समोर बसवून साक्ष घ्या, उलट प्रश्न विचारू द्या, आणि जो स्वतः घटनेचा साक्षीदार आहे त्याला निवाडा करायला बसवू नका. १९९३ च्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन प्रकरणाने यात आणखी एक भर घातली: शिक्षा ठरवण्यापूर्वी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्यावर त्याचे म्हणणे घेतले पाहिजे.

आता वकील कुठे बसतो ते पाहू. अनेक कंपन्या चौकशी अधिकारी म्हणून वकिली करणाऱ्या माणसालाच नेमतात आणि त्याची फी कंपनीच देते. फी कंपनी देते एवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही, असे न्यायालयांनी साठच्या दशकातच म्हटले. समोरच्या खुर्चीवर मात्र वकिलाला सहसा मज्जाव. १९६० मध्ये टाटा लोकोमोटिव्हच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा चौकशीत आपला प्रतिनिधी आणण्याचा कामगाराला उपजत हक्क नाही. स्थायी आदेश जितके देतील तितकेच. महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांनुसार त्याच विभागातला सहकारी किंवा तो ज्या संघटनेचा सभासद आहे तिचा पदाधिकारी त्याच्यासाठी उभा राहू शकतो. म्हणजे केबिनमध्ये वकील असतो, पण न्यायाधीशाच्या खुर्चीत. कामगाराच्या शेजारी असतो तो दुसऱ्या पाळीतून झोप मोडून आलेला फिटर.

या असमतोलाची दखल न्यायालयाने घेतली ती मुंबईच्याच एका प्रकरणात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याने चौकशीत वकील मागितला आणि त्याला नकार मिळाला. व्यवस्थापनाची बाजू मांडायला मात्र कायदा शिकलेले अधिकारी बसले होते. एका बाजूला कायदेपंडित आणि दुसऱ्या बाजूला अनभिज्ञ माणूस, अशी लढत नैसर्गिक न्यायात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून अनुभवी वकील अशिलाला पहिल्याच तारखेला एक अर्ज लिहून देतात: समोरचा प्रतिनिधी कायद्याचा पदवीधर आहे, मलाही वकील द्यावा. अर्ज बहुधा नामंजूर होतो. पण तो फाइलला लागलेला असतो, आणि पुढे त्याचा उपयोग होतो.

इथेच या वकिलीचे मर्म आहे. ज्या खोलीत त्याला प्रवेश नाही, त्या खोलीसाठी तो काम करतो. आदल्या संध्याकाळी युनियनच्या कार्यालयात किंवा घराच्या ओट्यावर बसून तो फिटरला उलटतपासणीचे प्रश्न काढून देतो. पंधरा वर्षांनी एखादा न्यायाधीश ही फाइल उघडेल, तेव्हा त्याला काय दिसले पाहिजे, याचा विचार करून तो आजचा अर्ज लिहितो.

डोळा लागला की झोपला?

साहित्यप्रेमी वाचकांनी लक्ष द्यावे असा भाग इथे आहे. चौकशीत माणसे बोलतात एका भाषेत आणि नोंद होते दुसऱ्या. मी टंकित केलेल्या एका रोजनाम्यात रात्रपाळीचा कामगार म्हणाला होता, “पहाटे जरा टेकलो, डोळा लागला.” चौकशी अधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत सांगितले ते ‘कामावर असताना झोपल्याचे कबूल करतो’ अशा अर्थाने. दोन्ही वाक्यांत खोटे काही नाही. पण ‘डोळा लागला’ यात माणसाचा बेत नाही, थकवा आहे; ‘झोपला’ यात त्याची करणी आहे. आणि ‘कबूल करतो’ हे शब्द तर त्याने उच्चारलेच नव्हते. स्थायी आदेशांत कामावर झोपणे हे गैरवर्तन असते, तेव्हा त्या एका क्रियापदावर नोकरी टांगलेली असते.

शिवीगाळीच्या आरोपाचेही तसेच. आरोपपत्रात लिहिलेले असते ‘वरिष्ठांशी असभ्य भाषा वापरली’. वकील खुलाशात पहिली हरकत घेतो ती हीच, की शब्द कुठले ते सांगा. नेमके शब्द दिल्याशिवाय माणूस उत्तर कशाचे देणार? शॉप फ्लोअरवर जो शब्द हाक मारण्यासाठी वापरतात, तोच केबिनमध्ये अपमान ठरतो. अशा प्रकरणांत न्यायालयांचाही कल एकसारखा राहिलेला नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीची वागणूक स्वच्छ असलेल्या कामगाराला एकदा वापरलेल्या कठोर भाषेसाठी बडतर्फ करणे हे शिक्षेचा अतिरेक मानले. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या देणाऱ्याची बडतर्फी कायम केली. दोन्ही निर्णय आजही वकिलांच्या बॅगेत असतात. ज्याला जो हवा तो तो काढतो. कुठला लागू पडेल हे ठरते ते शब्द काय होते, कोणत्या प्रसंगात निघाले आणि आधीची नोकरी कशी होती यांवर. म्हणजे पुन्हा नोंदीवर.

केंद्र सरकारच्या नमुना स्थायी आदेशांत चौकशी हिंदी, इंग्रजी किंवा राज्याच्या भाषेत, कामगार पसंत करील त्या भाषेत चालवावी अशी तरतूद होती. आपली भाषा मागण्याचा हा हक्क किती कामगारांना ठाऊक असेल? मी टंकित केलेल्या इंग्रजी रोजनाम्यांखाली मराठी सह्या असत. “वाचून समजावून सांगितले, बरोबर आहे” हे वाक्यही इंग्रजीतच असे. जाणता वकील म्हणूनच बजावून सांगतो: मराठीत नोंद मागा, आणि न वाचता सही करू नका, पटले नाही तर सहीवर ‘हरकत राखून’ असे दोन शब्दांत का होईना, मराठीत लिहा.

पुरावा किती लागतो

फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत तितके लागत नाही. शक्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे निर्णय जातो. याचे गाजलेले उदाहरण १९७७ चे, हरयाणातल्या एका बस कंडक्टरचे. तपासणी पथकाला गाडीत ११ प्रवासी बिनतिकीट सापडले. त्या प्रवाशांपैकी कुणाचीही साक्ष झाली नव्हती. तरीही न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवले, की तपासनिसाची साक्ष हा ‘काहीएक पुरावा’ आहे आणि चौकशीला तेवढा पुरतो. आपल्या एसटीच्या कंडक्टरांच्या प्रकरणांतही हा निर्णय वारंवार पुढे केला जातो. कामगारांच्या बाजूने कायम ओळखल्या गेलेल्या न्यायमूर्तींच्या लेखणीतून तो आला, हे विशेष.

उलट टोकाचे उदाहरण कोलारच्या भारत गोल्ड माइन्सचे. सोने सापडल्याच्या आरोपावरून एका सुरक्षा अधिकाऱ्यावर खटला आणि चौकशी दोन्ही एकाच छाप्याच्या आधारावर चालली. निलंबनाच्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळाला नाही. तो केरळात आजारी होता, प्रवासाला पैसे नव्हते. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकली आणि त्याला काढले. पुढे फौजदारी न्यायालयाने छापाच सिद्ध होत नाही म्हणून त्याला सोडले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला लावले. उपाशी ठेवून चौकशीला बोलावणे ही चौकशीच नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

निर्वाह भत्त्याचा मुद्दा म्हणूनच वकिलाच्या दृष्टीने मोठा. १९८२ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात पहिल्या ९० दिवसांसाठी अर्धे वेतन आणि त्यापुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पाऊण वेतन अशी तरतूद झाली. निलंबित माणसाच्या घरी बायकोने पहिल्यांदा विचारलेला प्रश्न हाच असतो, आणि वकिलाने पहिल्यांदा पाठवलेले पत्रही बहुधा याचेच असते.

न्यायालयात: दोन पायऱ्या

बडतर्फी झाली की वकील उघडपणे रंगमंचावर येतो. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याने कामगाराला सरकारच्या शिफारशीची वाट न पाहता ९० दिवसांत थेट कामगार न्यायालयात तक्रार नेण्याची सोय दिली. सूड म्हणून काढले, खोट्यात गोवले, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवला, अवाजवी घाई केली, किंवा किरकोळ चुकीला भलतीच मोठी शिक्षा दिली, तर ती अनुचित प्रथा ठरते.

न्यायालय आधी एवढेच बघते, की चौकशी रास्त झाली का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. वकील याला ‘पार्ट वन’ म्हणतात. केबिनमधला तो नामंजूर अर्ज, ती हरकत, ती न दिलेली प्रत, सारे इथे कामाला येते. चौकशी सदोष ठरली म्हणजे कामगार जिंकला, अशी मात्र समजूत करून घेऊ नये. १९७५ च्या कूपर इंजिनिअरिंग निर्णयानुसार मालकाला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देण्याची संधी मिळते. कामगाराला ही दुसरी फेरी फार जड जाते. आणखी काही वर्षे जातात.

दुसरी पायरी शिक्षेची. १९५८ च्या इंडियन आयर्न निर्णयापासून न्यायालये मोजक्याच कारणांसाठी हात घालत: सद्हेतूचा अभाव, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा पुराव्याविरुद्ध निष्कर्ष. शिक्षा जास्त वाटली तरी ती बदलता येत नसे. डिसेंबर १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम आले आणि शिक्षा तोलण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. डुलकीसाठी वीस वर्षांची नोकरी जावी का, हा प्रश्न तेव्हापासून न्यायाधीशाला अधिकृतपणे विचारता येतो.

आणि मधल्या वर्षांचा पगार? २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचे पूर्ण वेतन देणे हा सर्वसाधारण नियम आहे; मधल्या काळात तो दुसरीकडे तेवढेच कमावत होता असे म्हणायचे असेल, तर ते मालकाने दाखवावे.

जिथे घाईच अन्याय ठरते

स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीची वेगळी वाट केली. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक बाहेरची व्यक्ती, ९० दिवसांची मुदत. तिथे नियमानेच दोन्ही पक्षांना वकील आणण्यास मनाई आहे. हेतू चांगला, की तक्रारदार स्त्रीला केबिनमध्ये कोर्ट भोगावे लागू नये. पण समितीला कार्यपद्धती शिकवणारा कुणी नसला की काय होते, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. समितीने बैठकांमागून बैठका घाईने घेतल्या आणि आरोपीला बाजू मांडायला पुरेसा अवसर राहिला नाही, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवले. तक्रारी २००९ च्या होत्या. म्हणजे चौदा वर्षांनी सारे पुन्हा पहिल्या पानावर. कार्यपद्धतीतली चूक आरोपीवर अन्याय करते हे आपण ऐकलेले असते. ती तक्रारदार स्त्रियांवरही तितकाच करते, हे या प्रकरणातून शिकावे.

आता पुढे

औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये संसदेने संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. निलंबनानंतर चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पुरी करावी, हे तिच्यातले कलम स्वागतार्ह आहे. पण स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होते. केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता आणि महाराष्ट्रात ५०. आपल्या औद्योगिक वसाहतींतून फिरून पाहावे. पत्र्याच्या शेडखालच्या किती वर्कशॉपांत ३०० माणसे असतात? तिथे गैरवर्तनाची लिखित यादी उरली नाही, तर “कलम कुठले लावले आहे?” हा वकिलाचा पहिला प्रश्नच निकामी होतो. १९२८ मध्ये मालकांनी जे नियम वचक म्हणून आणले आणि कामगारांनी पुढे ढाल म्हणून वापरले, ते लहान कारखान्यातून पुन्हा निघून जाण्याची ही शक्यता मला काळजीची वाटते.

या वकिलांपैकी काही मालकांच्या बाजूचे असतात, काही कामगारांच्या. पुष्कळजण आयुष्यात दोन्ही बाजू पाहतात. चांगला मालकपक्षाचा वकीलही आपल्या अशिलाला हेच सांगतो, की घाई करू नका, प्रत द्या, त्याला बोलू द्या. नाहीतर पंधरा वर्षांनी मागचा पगार मोजावा लागेल. दोघांचा सल्ला शेवटी एकाच जागी येऊन मिळतो. माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. चौकशी या शब्दात थोडी माया उरायची असेल, तर ती एवढ्याच वाटेने उरेल.